नागाव-रेवदंडा पुळणीवर डिटेक्टरने जुनी नाणी: ओल्या वाळूत मशीन सतत ओरडते

पुळणकर

नमस्कार मंडळी. माझी मशीन, म्हणजे मेटल डिटेक्टर, एकाच फ्रिक्वेन्सीची आहे, ८ किलोहर्ट्झ. कॉइल (वाळूवरून फिरवायची तबकडी) ७ बाय १० इंची, कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकात एक वेटोळ्यांची. ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा परिणाम वजा करायची जुळणी) कारखान्यातच ठरवून दिलेला, हाताने बदलता येत नाही. जागा नागाव ते रेवदंडा, किल्ल्याच्या तटापासून लांब.

सुरूच्या बनालगतच्या कोरड्या वाळूत मशीन शांत असते. ओल्या पट्ट्यात उतरलं की दर झोक्याला दोन्ही टोकांना टींटीं करते. खणावं तर खाली काहीच नसतं.

विचारायचं ते असं: (१) हे थांबवता येईल का, की मशीनच बदलावी? (२) कोणत्या वेळी आणि किनाऱ्याच्या कोणत्या भागात शोधावं? (३) तांब्या-चांदीची जुनी नाणी कचऱ्यातून कशी ओळखावी? (४) जुनं नाणं सापडलंच तर कायदा काय सांगतो? इंग्रजीत या विषयावर ढीगभर सल्ले आहेत, पण ते इंग्लंड-अमेरिकेचे. कोकणातलं कोणी सांगेल का?

खारीहवा

मशीन ठणठणीत आहे. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे अख्खी ओली वाळूच मशीनला एक पसरट, कमी वाहकतेचा धातू वाटते. कॉइल एकाच उंचीवर फिरत असेल तर हा परिणाम एकसारखा राहतो आणि मशीन तो गाळून टाकते. झोक्याच्या टोकाला हात वर जातो, कॉइल दोन-तीन बोटं उचलली जाते, मिठाचा परिणाम एकदम बदलतो आणि मशीनला तोच सिग्नल वाटतो. तुमची टींटीं नेमकी टोकांना होते ती यामुळेच.

आहे त्या मशीनवर हे करून बघा:

सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा. ओल्या वाळूत कॉइल स्थिर धरा, मग सावकाश फिरवा, आणि आवाज थांबेपर्यंत एकेक पायरी उतरा. पूर्ण सेन्सिटिव्हिटीवर ओरडणाऱ्या मशीनपेक्षा निम्म्यावर गप्प असलेली मशीन जास्त नाणी दाखवते.

कॉइल वाळूपासून दोन-तीन सेंटीमीटरवर ठेवा आणि तिथेच ठेवा. ती वाळूला घासली तरी खोटे आवाज येतात. झोका लहान घ्या, साधारण एक मीटर, आणि एका बाजूकडून दुसरीकडे जायला तीन सेकंद लागू द्या.

पाण्याला समांतर चाला. वरून खाली चाललात तर दर पावलाला वाळूचा ओलावा बदलतो आणि कारखान्यात ठरवलेला बॅलन्स त्याच्याशी जुळत नाही. लाटेचं पातळ पाणी जिथे येतं-जातं तिथे या मशीनने उतरूच नका.

डिस्क्रिमिनेशनमधले (नको ते धातू गाळायची सोय) सगळ्यात खालच्या वाहकतेचे एक-दोन खण बंद करा. मीठ आणि फॉइल तिथेच वाजतात. तांबं-चांदी वरच्या टोकाला असल्याने ती सुटत नाहीत. पातळ सोनं आणि पोर्तुगीजांची बझरुक ही कथलाची बारीक नाणी मात्र हातचे जातील, हे मान्य करूनच बंद करा.

एवढं करूनही ओल्या वाळूत या मशीनची पोच नाण्याएवढ्या वस्तूसाठी १०-१२ सेंटीमीटर धरा. आधी चाचणी घ्या: तांबं-निकेलचं जुनं जाड पाच रुपयांचं नाणं ८, १२ आणि १६ सेंटीमीटरवर पुरा, तिन्ही जागी खूण करा आणि कुठवर आवाज येतो ते ऐका. चाचणीला हल्लीचा रुपया घेऊ नका, तो पोलादी आहे.

पुढे कधी मशीन बदलणार असाल तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी घ्या. मीठ आणि खनिज दोन्ही एकाच वेळी वजा करायचं तर निदान दोन फ्रिक्वेन्सी लागतातच, एकीवर गणित सुटत नाही. माइनलॅब इक्विनॉक्स, नोक्ता लेजेंड, एक्सपी ड्यूस २ ही त्या वर्गातली. कॉइल डबल-डी (एकमेकींवर थोड्या चढलेल्या दोन D आकाराच्या वेटोळ्यांची) असू द्या. इक्विनॉक्समध्ये ओल्या वाळूला बीच १ हा मोड, आणि लाटेत किंवा पाण्याखाली बीच २. बीच २ मध्ये प्रक्षेपणाची ताकद कमी केलेली असते, म्हणून कोरड्यात तो वापरून खोली गमावू नका.

पल्स इंडक्शन (विजेचे तुटक झटके सोडणारी) मशीन मीठ आणि काळी वाळू दोन्ही पचवते आणि खोलही जाते. पण लोखंड वेगळं सांगत नाही. आपल्या किनाऱ्यावर होड्यांचे खिळे आणि बाटल्यांची झाकणं एवढी आहेत की प्रत्येक सिग्नल खणायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं.

भांगउधाण

खारीहवा यांचं पटलं. एक भर: हे सगळं रायगडच्या वाळूला लागू आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या या भागात वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं भरपूर आहेत, वाळू डोळ्यांना काळी दिसते. तिथे ठरीव बॅलन्सची मशीन नेण्यात अर्थ नाही. लोहचुंबक पिशवीत घालून वाळूवर फिरवा. दाट काळी मिशी चिकटली तर हाताने ग्राउंड बॅलन्स होणारीच मशीन हवी, आणि तोही दर पन्नास-शंभर पावलांवर नव्याने करावा लागतो.

आता वेळ. भरतीचा जुना हिशोब पाठ करून ठेवा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता भरती, त्यानंतर सहा तासांनी, नवाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराला, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या आसपास. मुंबई-रायगडला हा हिशोब चांगला जुळतो. अर्ध्या तासाचा फरक धरा आणि भरतीचं छापील कोष्टक मिळालं तर त्यावरच जा.

उधाणाचे दिवस म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन दिवस. पाणी तेव्हा सगळ्यात लांब जातं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, जेमतेम हटतं, तेव्हा खालचा पट्टा उघडाच पडत नाही. ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, पाण्यामागून खाली जा, आणि पाणी फिरल्यावर तासाभरात वर या. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी तर नक्कीच. तिथे चिखल मऊ आहे आणि पाणी मागून वळसा घालून येतं.

ऋतूचं महत्त्व तिथीपेक्षा जास्त. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रात नेतात, पावसाळा सरल्यावर ती हळूहळू परत येऊन बसते. मे महिन्यात तुम्ही जिथे चालता तिथे जुना थर वाळूखाली मीटरभरही असू शकतो, तिथवर कोणतीही हातातली मशीन पोचत नाही. ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबर हा खरा हंगाम. समुद्र खवळलेला असेल तेव्हा अर्थातच नाही.

जागा डोळ्यांनी शोधा, मशीन नंतर. वाळू कापली जाऊन गुडघाभर उंचीचा उभा कडा पडला असेल तर त्या कड्याचा पायथा बघा. खालचा घट्ट थर, म्हणजे मुरूम, शिंपल्यांचा चुरा किंवा निळसर चिखल, उघडा पडला असेल तर तोच बघा. जड वस्तू सैल वाळूतून खाली जात जात अशा थरावर अडकतात. आणि जड वस्तू जडच्या शेजारी थांबते: जाळ्याचं शिसं, गोटे, काळ्या वाळूची रेघ एका पट्ट्यात दिसू लागली की पुढे पळू नका. टाचेने रेघ मारून तोच पट्टा अर्धी-अर्धी कॉइल एकमेकींवर येईल असा विंचरा, मग काटकोनात पुन्हा एकदा. उलट तुमच्या फावड्यात नुसती हलकी पांढरी वाळू आणि वेफरची पाकिटं येत असतील तर ती वाळू नुकतीच आलेली आहे. जागा सोडा.

भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू नोव्हेंबर ते मे टाळलेली बरी, विशेषतः वेळास, आंजर्ले, गुहागर भागात. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी तिथेच, हातभर खोल असतात. अंड्यांना धक्का लावणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

तांबट

प्रश्न ३ बद्दल. मशीन प्रत्येक धातूला जो आकडा दाखवते त्याचे परदेशातले तक्ते बाजूला ठेवा, आपली नाणी वेगळी आहेत.

सध्याचा रुपया आणि दोन रुपये फेरिटिक स्टेनलेस स्टीलचे, चुंबकाला चिकटणारे. मशीन त्यांना लोखंड म्हणते किंवा आकडा वर-खाली उडवते. जुन्याच्या मागे असलेल्याला हे वरदान आहे, नवी चिल्लर आपोआप बाजूला पडते. १९४७ चा रुपया निकेलचा आहे, तोही चुंबकाला चिकटतो. हा अपवाद लक्षात ठेवा.

पाच, दहा, वीस पैशांची अॅल्युमिनियमची नाणी मधल्या पट्टीत वाजतात आणि बाहेर येतात ती पांढरी, खड्डे पडलेली. त्याच पट्टीत पेयाच्या डब्याची कडी आणि बाटलीचं अॅल्युमिनियमचं झाकण. औषधाच्या गोळ्यांची फॉइल त्याच्या खाली.

तांब्याचा पाव आणा, शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) आणि चांदीचा रुपया वरच्या टोकाला, आवाज घट्ट आणि दोन्ही दिशांनी सारखा. इथे फसवणारी मंडळी दोन: जाळ्याचं शिसं आणि होडीचे तांब्याचे खिळे. शिशाचा आकडा नाण्याच्या जवळच येतो, ते खणावंच लागतं. खिळा मात्र ओळखता येतो: सिग्नलभोवती नव्वद अंशांत फिरून पुन्हा झोका घ्या. गोल वस्तूचा आवाज तसाच राहतो, लांबट वस्तूचा बदलतो. मोठ्या पत्र्यासाठी कॉइल हळूहळू फूटभर उचला. आवाज तरीही जोरात असेल तर ते नाणं नव्हे.

एका बाबतीत खारीहवा यांच्याशी मतभेद. मिठाचे खण बंद करा, ठीक. पण लोखंडाचा आवाज कोरड्या वाळूत चालू ठेवा, हळू ठेवा हवं तर. लोखंड पूर्ण बंद केलं की खिळ्याशेजारचं नाणंही त्या खिळ्याच्या सावलीत गप्प होतं. जुन्या बंदराच्या किनाऱ्यावर खिळे आणि नाणी एकाच जागी असतात. जिथे लोखंड दाट तिथे झोका अगदी आखूड घ्या आणि मधेच येणारी एखादी उंच टीप पकडा.

खणायचं फावडं स्टेनलेस स्टीलचं, लांब दांड्याचं, भोकं ८ ते १० मिलिमीटर. मोठी भोकं असली की बारीक नाणं निसटतं. पहिलं फावडं सिग्नलच्या मधोमध मारू नका, एक वीत मागून घाला, नाहीतर नाण्याच्या कडेवर ताजी चकाकती खाच पडते आणि ती कायमची. माती निघाली की खड्ड्यावरून कॉइल फिरवा. आवाज गेला असेल तर वस्तू फावड्यात आहे. खड्डा बुजवा, पहाटे चालणाऱ्यांचे पाय मुरगळतात.

पुळणकर

सर्वांचे आभार. सेन्सिटिव्हिटी उतरवली, पाण्याला समांतर चाललो, टींटीं जवळजवळ बंद. शिंपल्यांच्या थरावर एक जाड हिरवट चकती मिळाली: व्यास २१ मिमी, वजन १०.८ ग्रॅम, कडेला ठिपके जाणवतात, मधे अक्षरांसारखं काहीतरी. चुंबकाला चिकटत नाही. चिंचेने घासली तर अक्षरं वर येतील का?

तांबट

घासू नका! चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर, काही नको. अक्षरं त्या हिरव्या थरातच उरलेली असतात. खालचं तांबं खाऱ्या पाण्याने आधीच खाल्लेलं आहे. आम्लाने थर गेला की गुळगुळीत लाल चकती हातात येईल.

तुमचं वर्णन शिवराईशी जुळतं. फोटो तिरक्या उजेडात काढा, टॉर्च जवळजवळ आडवी धरून, आणि दर फोटोला नाणं थोडं फिरवा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत आणि दुसरीकडे ‘छत्रपति’ दोन ओळींत, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ, असं असतं. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने पूर्ण मजकूर क्वचितच बसतो, तेव्हा ‘श्री’ची वेलांटी किंवा ‘छ’चं पोट शोधा. जुन्या शिवराईचं वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम, नंतरच्या हलक्या होत गेल्या, आणि समुद्रातली चकती त्याहूनही घटते. त्यामुळे वजनावरून काळ ठरवू नका.

पुढच्या वेळेसाठी: १८३५ चा कंपनीचा पाव आणा ६.४७ ग्रॅम आणि पातळ, १९०६ नंतरचा ब्राँझचा पाव आणा ४.८६ ग्रॅम. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे वजनाने शिवराईच्या जवळ, पण व्यास ३० मिमीच्या वर. तराजू आणि खाली फारसी ‘अदल’ दिसलं, उलट्या बाजूला हृदयाच्या आकाराचं व्यापारी चिन्ह असलं, तर ते मुंबई इलाख्याचं कंपनीचं नाणं, १७९१ पासूनचं.

रसायनी

सध्या एवढंच करा: नाणं सुकू देऊ नका. डबीत डिस्टिल्ड पाणी घ्या (बॅटरीसाठी दुकानात मिळतं ते चालेल), त्यात नाणं बुडवून ठेवा, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. समुद्रातल्या तांब्याच्या आत क्लोराइड मुरलेलं असतं. हवा आणि दमटपणा मिळाला की त्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, आणि नाण्यावर फिकट हिरवी पिठूळ बुरशीसारखी भुकटी येते. हे चक्र थांबत नाही. कोकणच्या पावसाळी हवेत उघड्यावर ठेवलेलं नाणं त्यामुळे भुगा होऊ शकतं.

पुढचा उपचार सोडियम सेस्क्विकार्बोनेटचा, पाच टक्क्यांचा. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात २४ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि १९ ग्रॅम खाण्याचा सोडा. बाजारातला स्फटिकी धुण्याचा सोडा घेतलात तर त्यात पाणी जास्त असतं, तो ६३ ग्रॅम लागेल. द्रावण आठवड्याला बदलायचं, काही महिने. नाण्याचा मूळ हिरवा रंग यात थोडा बदलू शकतो, म्हणून भुकटीचं लक्षण दिसलं तरच या वाटेला जा. एरवी नुसतं पाणी बरं.

क्लोराइड संपलं का ते सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने बघतात, पांढुरका ढग आला तर अजून आहे. पण सोड्याच्या द्रावणात कार्बोनेटमुळेही गढूळपणा येतो आणि माणूस महिनोन्‌महिने उगाच पाणी बदलत बसतो. नमुन्यात आधी पातळ नायट्रिक आम्ल घालून फेस थांबू द्या, मग थेंब टाका. हातमोजे आणि चष्मा घालून.

शेवटी सुकवून हवाबंद डबीत सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचे दाणे रंग बदलले की गरम करून पुन्हा वापरा.

कचेरीवाला

रसायनी यांच्या दुसऱ्या परिच्छेदाच्या आधीच थांबा, कारण नाणं शिवराई असेल तर ते अजून तुमचं झालेलं नाही.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. १० रुपये हा आकडा तेव्हाचाच आहे, म्हणजे व्यवहारात सगळंच त्यात येतं. एकटं पडलेलं नाणं ‘दडलेलं’ म्हणायचं का यावर वकील वाद घालतील. तुम्ही घालू नका, अर्ज द्या. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

अर्जात तीन गोष्टी: वस्तूचं स्वरूप आणि अंदाजे किंमत, सापडल्याची जागा, तारीख. जागा मोबाइलवरच्या अक्षांश-रेखांशासह लिहा, खोली आणि कोणत्या थरावर होतं तेही लिहा, नाण्याशेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो जोडा. अर्ज अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. ती प्रत जपून ठेवा. निकाल लागेपर्यंत नाणं कोषागारात जमा करायचं, किंवा मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. मालक कोणी निघाला नाही तर कायद्यात सापडणाऱ्याचा हिस्सा तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाचा एक चतुर्थांश, आणि पुळण सरकारी जमीन आहे. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन ती घेता येते. शिवराईच्या तांब्याची किंमत काय होते ते तुम्हीच काढा. पैशांसाठी हा छंद नाही.

किल्ल्यांचं वेगळं. कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही केंद्र संरक्षित स्मारकं. त्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदता येत नाही, मग ते फावडं वीतभर का असेना. रेवदंड्यातही पोर्तुगीज अवशेष संरक्षित आहेत. तुम्ही तटापासून लांब राहता ते योग्यच, आत मशीन घेऊन जाऊही नका.

हल्लीची अंगठी-साखळी सापडली तर ती हरवलेली मालमत्ता, निधी नव्हे. पोलिस ठाण्यात जमा करून पावती घ्या. स्वतःकडे ठेवून विकली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं.

आणि सागरी पोलिस ठाण्यात आधीच एकदा तोंड दाखवून या, ग्रामपंचायतीतही सांगा. १९९३ ला शेखाडीला आरडीएक्स उतरलं तेव्हापासून या किनाऱ्यावर काळोखात हेडफोन लावून खणणारा माणूस कोणालाच आवडत नाही. पहाटेची ओहोटी असली तरी उजाडल्यावर उतरा.

पुळणकर

अर्ज उद्याच देतो. नाणं तोवर डिस्टिल्ड पाण्यात. एक शेवटचं: मशीन ज्यांनी दिली ते मेहुणे दुबईला असतात, त्यांना आठवण म्हणून पुढचं एखादं नाणं पाठवलं तर चालेल का?

कचेरीवाला

शंभर वर्षांहून जुनं असेल तर नाही. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार ते पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, टपालाने, सामानातून, कसंही. त्यांना फोटो पाठवा. किंवा १९४७ चा निकेलचा रुपया सापडला तर तो वयाने या कायद्यात बसत नाही.